सगळ्यांना सारखं

५ मार्च, मंगळवार

आज सरकारचा फोन आला आणि मी चक्क खुर्चीतून उभी राहिले. फोनवर कोण बघतंय, पण राहिले खरी. जास्तीच्या कमाईवर वरची मर्यादा घालायचा कायदा येऊ घातलाय, त्याच्या समितीला म्हणे आपला कारखाना बघायचाय. मालकापासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना एकच पगार, असे कारखाने देशात बोटावर मोजण्याइतके, आणि आमचा त्यातला सगळ्यात जुना. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "नक्की काय बनवता तुम्ही?" मी म्हटलं, "डोळे." पलीकडून, "काय?" मग म्हटलं, "खोटे हो. ज्यांचा एक गेलाय त्यांच्यासाठी." हे मी इतक्यांदा बोललेय की झोपेतही बोलेन.

बाबांनी हा नियम घातला तेव्हा नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. बाबा म्हणायचे, साचा घेणारा चुकला तर रंगवणाऱ्याची कला पाण्यात, आणि पॉलिशवालीने घाई केली तर दोघांचीही मेहनत पाण्यात, मग जास्त द्यायचं कुणाला? याला उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. म्हणजे ते नाहीच, असं मी धरून चालते.

धाकट्याला सांगायला खाली गेले. माझा हा भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, पण धाकटा तो धाकटाच. बुबुळं तो रंगवतो, आणि त्याच्यासारखी कुणी रंगवत नाही, हे मी बहीण म्हणून नाही म्हणत. एका माणसाच्या खऱ्या आणि खोट्या डोळ्यात त्याच्या बायकोलाही फरक कळला नव्हता. धाकट्याने कुंचला थांबवलासुद्धा नाही. "बरं," म्हणाला. मी निघाले तर मागून, "ताई, तो कायदा कुणाकुणाला लागणार?" म्हटलं, "जास्त ओरबाडणाऱ्यांना. आपल्याला काय त्याचं!" यावर नुसतं "हं." कधी म्हणून घडाघडा बोलायचा नाही हा माणूस.

६ मार्च, बुधवार

साफसफाई. समिती कधीही टपकेल. माझ्या खोलीतल्या खिडकीच्या काचा मी स्वतः पुसल्या, कारण उत्तरेचा एवढा छान उजेड साऱ्या इमारतीत दुसरीकडे कुठे नाही. धाकटा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "ताई, मी इथे बसू का रंगवायला? समोर ती इमारत उभी राहिल्यापासून खाली हिरवा आणि करडा यांतला फरक कळत नाही मला." म्हटलं, "अरे, मग मी फोन कुठे ठेवू? पाहुणे कुठे बसवू? आता समिती येणार, तिला काय तुझ्या रंगाच्या बशांमध्ये बसवू?" त्यालाही पटलं. दिवा घेऊन देते म्हटलं चांगलासा.

गाडी धुवून आणायला पाठवली. कारखान्याची गाडी आहे, जरा बरी दिसायला हवी. तशी ती मीच वापरते म्हणा, बाकी कुणाला काम पडत नाही.

९ मार्च, शनिवार

आज एक सिमेंटवाल्या बाई आल्या. निम्म्या शहराच्या भिंती यांच्या सिमेंटच्या. त्या कायद्याच्या बातम्यांत ज्या मोजक्या लोकांचे फोटो येतात त्यांत या असतात. मी मनातल्या मनात बाह्या सावरून बसले होते. चारपाच नोकर, मागे पर्सवाली, पुढे दार उघडणारा, असं काहीतरी येईल म्हणून वाट बघत होते. आल्या त्या एकट्या, डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि दाराशी पायपुसण्यावर पाय पुसत बसल्या. आजारपणात डावा डोळा काढावा लागला. टवका उडालेल्या कपातून चहा प्यायल्या, वर आणखी अर्धा कप मागून घेतला. आता अशा बाईचा राग कसा करायचा?

दर विचारला. सांगितला. "सगळ्यांना हाच?" म्हणाल्या. "हाच." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्या ड्रायव्हरलाही एवढाच पडणार, आणि मलाही एवढाच." मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "आमच्याकडे सगळं सारखं असतं." तर म्हणाल्या, "मग तो त्याला जड आहे हो." बाबांनी यावर काही सांगून ठेवलेलं नाही.

मोल्डवाल्या काकांनी माप घेतलं. काका म्हणजे बाबांच्या वेळचे शेवटचे. डोळ्याच्या खोबणीत ते मऊ मिश्रण भरताना माणसं घाबरतात, तर काका त्यांना त्यांच्या शाळेतल्या मास्तरांबद्दल विचारतात. सगळेच मास्तरांना शिव्या देतात आणि माप होऊन जातं. सिमेंटबाईंनीही दिल्या.

१४ मार्च, गुरुवार

धाकट्याचं डोकं फिरलंय. दुपारी माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं. एरवी कधी लोटत नाही. म्हणाला, "ताई, मला पगार वाढवून हवाय."

मी म्हटलं, "सगळ्यांचाच वाढवू की वर्षअखेरीला."

"सगळ्यांचा नाही. माझा."

म्हटलं, "कशाला?" मग लगेच, "काही आजारपण आहे का? खरं सांग." नाही म्हणाला. "कर्ज झालंय? कुणी फसवलं? काही लफडं करून बसला आहेस का बाबा?" नाही, नाही, नाही. "मुलीच्या शिक्षणाला? मग सरळ सांग ना, मी माझ्यातले देते, त्यात काय एवढं!" तर हसला. त्याचं हसू मला आवडलं नाही. "तुझ्यातले नकोत. मला माझे हवेत. मी जे करतो ते या इमारतीत दुसऱ्या कुणाला येत नाही, ताई. मला जास्त हवेत. बस, एवढंच आहे."

एवढंच म्हणे! गेल्या वर्षी असंच एकदा जेवताना पुटपुटला होता, तेव्हा मला गंमत वाटली होती. मी त्याला बाबांचं सगळं परत समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं त्याने, लहानपणी ऐकायचा तसंच. मग "बरं," म्हणून खाली गेला. मिटलं म्हणायचं. पण जेवण काही गेलं नाही मला आज.

१७ मार्च, रविवार

राहवेना. गाडी काढली आणि धाकट्याच्या घरी गेले. तो मुलीला घेऊन पोहायला गेला होता ते बरंच झालं. भावजयीलाच गाठलं. शाळेत गणित शिकवते ती, बोलायला तशी सरळ आहे, पण बायको शेवटी बायको. माझी खात्री होती की हिनेच कान भरलेत. आडून आडून विचारलं: फ्रिज जुना झालाय का, शेजारच्यांनी काय नवीन घेतलं, सुट्टीत कुठे जायचंय. तिने सगळ्याची उत्तरं दिली आणि मग चष्मा काढून म्हणाली, "ताई, तुम्हाला नक्की काय विचारायचंय?"

सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं! चेहऱ्यावरच दिसलं. खुर्ची ओढून बसलीच ती. "त्यांनी मागितला? स्वतःहून?" आणि मग काय करावं तिने? टाळी वाजवली. एकदाच, छोटी, आणि लगेच माझ्याकडे बघून हात खाली घेतले. "नाही, म्हणजे, ते हॉटेलातसुद्धा थंड झालेलं सूप परत करत नाहीत हो," म्हणाली.

येताना मला विचित्र वाटत होतं. त्यांचं घर लहान आहे, हे मला ठाऊक होतंच की. आज ते जास्त लहान का वाटलं कोण जाणे. माझ्या वरच्या जागेतून गेल्यामुळे असेल. ती जागा म्हणजे बाबांचीच, कारखान्याच्या डोक्यावर, तिथे कुणीतरी राहायला हवंच.

२१ मार्च, गुरुवार

या कायद्यावर लोकांचं मत तरी काय आहे, ते समितीसमोर सांगता यावं म्हणून आज चहाच्या वेळी विषय काढला. नसता काढला तर बरं झालं असतं.

मोल्डवाले काका म्हणाले, "मला कायदा एकदम मान्य. मी आता धाकट्याच्या निम्मं काम करतो आणि त्याच्याएवढा पगार घेतो. हे असंच चालू राहावं ही माझी इच्छा." मी म्हटलं, "अहो काका, पण नीतीच्या दृष्टीने?" तर म्हणाले, "तीच तर नीती! वय झालं की कळते."

पॉलिशवालीला विचारलं. ती म्हणाली, "जास्त घेणारे वाईटच. मला मिळाले असते तर मीपण घेतले असते आणि मीपण वाईट झाले असते. मिळत नाहीत म्हणून चांगली आहे." सगळे हसले. धाकटाही हसला. मग तिने त्यालाच विचारलं, "तुमचं काय हो?" तो म्हणाला, "मला अजून कळलं नाही की जास्त असणं वाईट, की शेजाऱ्याकडे कमी असणं वाईट. दुसरं असेल तर पहिल्याला नुसती मर्यादा घालून काय होणार?" काका म्हणाले, "हा आपला तत्त्वज्ञ बोलला!" आणि विषय भलतीकडेच गेला.

पण माझ्या डोक्यातून तो जाईना. मी आजवर असं धरून चालले होते की गरजेपेक्षा जास्त घेणं वाईट. गरज कुणी ठरवायची, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. बाबांनी ठरवली होती. आता मी ठरवते.

२२ मार्च, शुक्रवार

सिमेंटबाई रंगकामासाठी धाकट्यासमोर बसल्या होत्या. ते काम फार वेळखाऊ. काळ्या चकतीवर थर देत जायचं, प्रत्येक थरानंतर माणसाच्या खऱ्या डोळ्याकडे बघायचं. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसतात दोघं. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच रेंगाळले. म्हटलं, विचारून टाकावं. "बाई, तो कायदा आला तर तुमचं वरचं सगळं जाईल. तुम्हाला काय वाटतं?"

डोकं न हलवता म्हणाल्या, "हलले तर हे ओरडतात, म्हणून इकडे बघूनच सांगते. मला किती पुरतं ते मला माहीत नाही हो. खरंच नाही. बरीच वर्षं मोजलेलंच नाही. कुणी सांगितलं की इतकं पुरे, तर कदाचित बरं वाटेल. कदाचित खूप राग येईल."

मी म्हटलं, "पण गरज तर एवढी नसते ना कुणाचीच."

"गरज?" त्या हसल्या, आणि धाकटा खरंच ओरडला. "डोळा गेल्यावर डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याने सगळं चालतं. चालतंच. गाडीसुद्धा चालवते मी. तुमच्या या डोळ्याने मला काडीचंही दिसणार नाही. मग याची गरज काय होती सांगा? तरी आलेच ना? आणि तुम्हीही जन्मभर हेच करत आलात, ज्याची कुणाला गरज नाही ते."

खाली बसले असते तर बरं झालं असतं, पण खुर्ची नव्हती. आमच्या कामाची गरज नाही! आणि मला उलट बोलता येईना, कारण दिसत तर खरंच नाही त्या डोळ्याने. धाकटा रंगवत होता, खाली मान घालून. त्याचे कान लाल झाले होते. त्याला हसू दाबायला लागलं की असे होतात.

२६ मार्च, मंगळवार

डोळा बसवला. आरसा दिला. सिमेंटबाई बघत राहिल्या आणि रडायला लागल्या, दोन्ही बाजूंनी. लोकांना वाटतं खोट्या बाजूने पाणी येत नाही. येतं. मीही रडले, प्रत्येक वेळी रडते. काका म्हणतात मला पगार रडायचाच मिळतो.

नंतर बाई माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं, आणि सरळ म्हणाल्या, "मला तुमच्यामागे काही करायचं नाही म्हणून सांगते. रुग्णालयाला जोडून मला डोळ्यांचं केंद्र काढायचंय. तुमच्या भावाने ते चालवावं असं मी विचारणार आहे. पगार त्यांनीच सांगावा, मी घासाघीस करणार नाही." मी म्हटलं, "तो नाही यायचा." म्हणाल्या, "नाही आले तर नाही. पण विचारते."

आणि बाईंचा रागही येईना! लपवाछपवी केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

दिवसभर डोकं भणभणत होतं. मग अचानक लख्ख सुचलं. हा कायदाच आला पाहिजे! तो आला की असे वाटेल तसे पगार कुणाला देताच येणार नाहीत, आणि धाकट्याला हलायचं कारणच उरणार नाही. म्हणजे नीतीची नीती आणि घरचं घर. मला इतके दिवस जो गोंधळ वाटत होता तो गेला. समितीसमोर मी जीव तोडून बोलणार आहे.

एक शंका मात्र आहे. एखादी गोष्ट आपल्या सोयीची असली तर ती नैतिक असू शकते का? असायला काय हरकत आहे? कधीकधी असेलच की.

२ एप्रिल, मंगळवार

सुनावणी झाली. मोठं सभागृह, उंच छत, माइकवर बोललं की आवाज जरा वेळाने परत येतो आणि आपण आपल्याच बोलण्याला दचकतो. समिती कारखान्यात यायची राहिलीच, उलट मला, काकांना आणि धाकट्यालाच तिकडे बोलावलं होतं. ते दोघं माझ्या मागच्या रांगेत.

मी छान बोलले. खरंच छान बोलले. बाबांचं सगळं सांगितलं, साच्याचं, रंगाचं, पॉलिशचं. समितीच्या अध्यक्षबाई मान डोलवत होत्या. काय वाटेल ते होवो, पण जास्त कमावण्यात कमीपणा आहे असं माणसाला आतून वाटायला हवं, आणि तसं वाटत नसेल तर कायद्याने वाटायला लावावं, असं मी म्हटलं. टाळ्या पडल्या. मग चष्मेवाल्या एका सदस्यांनी विचारलं, "इतक्या वर्षांत तुमच्याकडे कधी कुणी जास्त पगार मागितला नाही?"

मागे धाकटा बसलाय, हे मला पाठीला जाणवत होतं. भरसभेत त्याचं हे उघडं पाडू? माझ्या सख्ख्या भावाचं? मी म्हटलं, "नाही. कधीच नाही. आमच्याकडे ते कुणाच्या मनातच येत नाही."

झाकलं मी त्याला. पुन्हा टाळ्या पडल्या. मागे वळून बघितलं तर काका टाळ्या वाजवत होते. धाकट्याची खुर्ची रिकामी होती. गर्दीने गुदमरला असेल.

५ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलला नाही म्हणजे कामाचं बोलला, त्याने तर जास्तच टोचतं. शेवटी आज मीच खाली जाऊन उभी राहिले. "काय झालंय तुला? तोंड उघड ना!"

कुंचला खाली ठेवला त्याने. धुतला नाही, तसाच ठेवला. तेव्हाच मी घाबरले. "मी मागितलं होतं, ताई. गेल्या वर्षी मागितलं, गेल्या महिन्यात मागितलं. खिडकी मागितली ती वेगळीच."

"अरे, मी तुझी लाज राखली!"

"कसली लाज? मी चोरी केली होती का? जन्मात पहिल्यांदा तोंडाने काहीतरी मागितलं मी, आणि तू भरसभेत सांगितलंस की तसं झालंच नाही."

मी म्हटलं, "सगळ्यांना सारखं आहे इथे, तुला एकट्याला..."

"पगार सारखा आहे," तो म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं. "बाकी काय सारखं आहे गं? वरची जागा कुणाची? गाडी कोण वापरतं? उजेडाची खिडकी कुणाकडे? सुट्टी कुणी कुणाला द्यायची? पगार वाढवायचा की नाही हे कुणी कुणाला विचारायचं? तू कधी कुणाच्या दारात उभी राहिलीस काही मागायला?"

पॉलिशवालीचं यंत्र मध्येच बंद पडलं. बंद केलं म्हणायला हवं.

त्याचं सगळं खोटं आहे. जागा बाबांनी मला दिली कारण कुणीतरी वर राहायला हवं होतं. गाडी कुणी मागितली असती तर मी दिली असती. खोलीत फोन आहे. सगळ्याला कारण आहे. हे मी त्याला सांगितलं, आणि सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की मी कारणं देतेय. आयुष्यभर मी त्याला "कशाला" विचारत आलेय, मला कुणी विचारलं नव्हतं. पण म्हणून त्याचं बरोबर कसं होईल? माझ्याकडे काही जास्त असलं तर त्यालाही जास्त, हा कुठला न्याय? उलट माझं कमी करायला हवं. तेही मला नको आहे. खरं लिहितेय, नको आहे. मला त्या खिडकीत बसायला आवडतं.

संध्याकाळी काकांकडून कळलं. धाकट्याने सिमेंटबाईंना होकार कळवलाय.

११ एप्रिल, गुरुवार

अध्यक्षबाईंच्या कचेरीतून फोन. माझं बोलणं जसंच्या तसं उतरवलंय, एकदा येऊन वाचून सही करा म्हणे. गेले. कचेरीतली बाई तरुण, बोलकी, तिने बिस्किटं पुढे केली. मी सहज म्हटलं, "कायदा लवकर आला तर बरं होईल हो, माझ्या भावाला एका बाईंनी भलताच पगार देऊ केलाय." तिने विचारलं किती. काकांनी सांगितलेला आकडा मी सांगितला, चांगला आवाज खाली आणून.

ती हसली. वाईट नाही हसली, पण हसली. "बाई, ते यात येतच नाहीत. मर्यादा सर्वसाधारण पगाराच्या पन्नासपटीच्या वर आहे. तुमच्या भावाच्या पगाराच्या कितीतरी वर. तुम्ही मसुदा वाचला नव्हता का?"

नव्हता वाचला. कोण वाचतं मसुदे? बातमीत "जास्त" असं होतं. आणि जास्त म्हणजे दुसऱ्यापेक्षा जास्त, असंच मी जन्मभर समजत आले! पन्नासपट! म्हणजे एकोणपन्नासपट घेतली तर नीती शाबूत? आणि मी ज्या सभागृहात जीव तोडून बोलले तिथे बसलेले ते सगळे मान डोलवणारे, ते काय ऐकत होते? त्यांना वाटलं असेल, काय भाबडी बाई आहे.

कपाळावर हात मारून घेतला. बिस्कीट तसंच हातात. मग म्हटलं, "मला एक दुरुस्ती करायचीय. कुणीच जास्त मागितलं नाही, असं मी म्हटलंय ते खोटं आहे. माझ्या भावाने मागितलं होतं. आणि मी त्याला नीट उत्तरसुद्धा दिलं नाही."

तिने ते टाइप केलं. "मग कायद्याबद्दलचं तुमचं मत बदललं का? तेही घालू का?"

हातातलं बिस्कीट मी तुकडे करकरून संपवलं. मागे दोघं जण ताटकळले होते. सिमेंटबाईंकडे डोंगर आहे, तो त्यांच्याकडे असू नये असं मला वाटतं. त्या बाई माझ्या आवडत्या आहेत, तरी वाटतं. पण का वाटतं, ते विचारलं की माझ्या तोंडून बाबा बोलतात, आणि बाबांच्या मागून मी, किल्ल्या घेऊन. शेवटी म्हटलं, "मला कळत नाही."

"तसंच लिहू?"

"तसंच लिहा." सही केली आणि आले.

१२ एप्रिल, शुक्रवार

काका चिडलेत. "नाव घालवलंस कारखान्याचं," म्हणाले. पॉलिशवाली म्हणाली, "उलट बरं केलंत ताई," आणि मग आवाज खाली आणून, "आता मी मागितलं तर चालेल का?" बघू म्हटलं.

धाकट्याला दुरुस्तीचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "बरं केलंस," म्हणाला. राहतो म्हणाला नाही. मी तशी अपेक्षा केली नव्हती. केली होती.

२० एप्रिल, शनिवार

आज धाकट्याचा शेवटचा दिवस. त्याचे कुंचले त्याने नेले, रंग इथेच ठेवले. त्याच्या जागी कोण, हा प्रश्न आहेच. दोन मुली शिकताहेत, हात बरा आहे, पण अजून त्यांच्या हिरव्या डोळ्यांत शेवाळ दिसतं. सगळ्यांनी निरोप दिला. काकाही आले, चिडलेलेच, आणि त्याला मिठी मारून रडले.

मी त्याच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले. मला काय काय बोलायचं होतं. येत जा, जेवत जा, त्या बाईंपुढे गप्प बसू नकोस, असलं सगळं. आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. म्हटलं, "तेव्हा किती हवा होता रे तुला?"

तो थांबला. "केव्हा?"

"माझ्याकडे मागितलास तेव्हा. आकडा काय होता मनात?"

तो जरासा लाजला. खरंच लाजला, माझ्यापुढे, इतकं सगळं होऊन. "दीडपट," म्हणाला.

दीडपट. बाईंनी याला कितीतरी जास्त देऊ केलंय, सरकार पन्नासपटीच्या गप्पा मारतंय, आणि हा माझ्या दारात दीडपट मागायला आला होता.

"दिला असतास?" त्याने विचारलं.

समितीपुढे मी धडधडीत खोटं बोलले होते, एका दमात, टाळ्या घेऊन. इथे जिन्यात आम्ही दोघंच होतो. हो म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. मी मनात खरोखर हिशोब लावून बघितला. त्याला दीडपट दिला असता तर काकांना काय सांगितलं असतं? बाबांना काय सांगितलं असतं?

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. रागावला नाही. "म्हणून तर तू तेव्हा आकडा विचारला नाहीस," म्हणाला, आणि माझ्या पाया पडून खाली उतरला.

आता वर येऊन बसलेय. माझं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. खालून यंत्राचा आवाज येतोय, पॉलिशवाली अजून गेलेली नाही, आणि तिला काय सांगायचं ते मला ठरवता येत नाही.